बडोद्यात बोइंग ७३७ विमानाचा सिम्युलेटर : टेकऑफसाठी नाही, त्या मधल्या डब्यासाठी जा

पॅकेजचं आधी सांगतो, ज्यांना घाई आहे त्यांचं काम होऊन जाईल. दोन पॅकेज आहेत. एक अर्ध्या तासाचं, त्यात विमान इंजिनं चालू करून रनवेवर तयारच उभं असतं, तुम्ही थ्रस्ट लिव्हर (इंजिनांचा जोर वाढवायचे दांडे) पुढे ढकलायचे, उडायचं, एक चक्कर मारून उतरायचं (म्हणजे उतरवतो इन्स्ट्रक्टरच, तुमचे हात योकवर, म्हणजे विमानाच्या स्टिअरिंगवर, असतात एवढंच) आणि मग टोपी घालून फोटो. दुसरं दीड तासाचं, त्यात थंड पडलेल्या कॉकपिटपासून सुरुवात. हे दुसरं फारसं कोणी घेत नाही असं रिसेप्शनवरच्या बेनने स्वतःच सांगितलं, "काका, एमां तो बधुं टाइपिंग ज छे" (त्यात सगळं टाइपिंगच आहे). म्हटलं तेच द्या.

सेंटर जुन्या पादरा रोडच्या बाजूला एका कमर्शियल कॉम्प्लेक्सच्या वरच्या मजल्यावर आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण खाली थोड्या तक्रारी आहेत आणि पोरं मेहनतीने चालवतायत. माझी ओळख एवढीच की मी इन्स्ट्रुमेंटेशनवाला, नंदेसरीपासून दहेजपर्यंतच्या प्लँटांत कंट्रोल लूप ट्यून करण्यात (टेंपरेचर, फ्लो जागेवर ठेवणारी यंत्रणा जुळवण्यात) आयुष्य गेलं, विमानाशी संबंध म्हणजे हरणी विमानतळावर पाहुणे सोडायला जाणं. बरोबर भाचा होता, बारावीचा, त्याला पायलट व्हायचंय, आणि त्याच्या आईला त्याचं पायलट होणं अजून पचलेलं नाहीये. तर हा रिव्ह्यू दोघांच्या नजरेने आहे पण त्यातला कंटाळवाणा भाग माझा.

कॉकपिट ७३७-८०० चं, हलत नाही (हायड्रॉलिक वगैरे काही नाही, जागेवर फिक्स), समोर तीन प्रोजेक्टरचा गोलाकार पडदा. दोन्ही सीटच्या मधे, थ्रस्ट लिव्हरच्या पुढे, दोन सीडीयू, म्हणजे छोटा स्क्रीन आणि त्याच्याखाली कीबोर्ड, हाच तो मधला डबा. लोक ज्याला "कॉम्प्युटर विमान उडवतो" म्हणतात त्या कॉम्प्युटरशी पायलट बोलतो तो इथून. खरा एफएमसी, फ्लाइट मॅनेजमेंट कॉम्प्युटर, खाली इलेक्ट्रॉनिक्सच्या खोपटात असतो, वर दिसतो तो फक्त त्याचा टाइपरायटर. स्क्रीनच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा बटणं, तुम्ही जे टाइप करता ते आधी तळाच्या ओळीत उमटतं, मग ज्या जागी टाकायचंय तिच्या शेजारचं बटण दाबलं की ते तिथे जाऊन बसतं. अक्षरं एबीसीडी अशा क्रमाने आहेत, मोबाइलसारखी नाहीत, त्यामुळे भाचा ज्या पोराला डोळे मिटून टाइप करता येतं तो "व्ही" शोधत बसला होता आणि मला फार बरं वाटलं.

इन्स्ट्रक्टर दांडिया बाजारचाच मराठी मुलगा निघाला, सीपीएल (कमर्शियल पायलटचं लायसन्स) झालंय, टाइप रेटिंगच्या (एका ठरावीक विमानाच्या ट्रेनिंगच्या) पैशांची जुळवाजुळव चाललीय तोवर इथे शिकवतो. तो एक वाक्य बोलला आणि माझे पैसे तिथेच वसूल झाले. म्हणाला, "काका, हा डबा विमान उडवत नाही. हा ऑटोपायलटला फक्त सांगतो काय करायचं ते." अरे म्हणजे कॅस्केड लूप! आमच्याकडे मास्टर कंट्रोलर टेंपरेचर बघून स्लेव्हला फ्लोचा सेटपॉइंट देतो आणि व्हॉल्व्ह हलवतो तो स्लेव्ह. इथे एफएमसी मास्टर, तो म्हणतो अमुक ट्रॅक धर, अमुक स्पीड, अमुक उंची, ऑटोपायलट आणि ऑटोथ्रॉटल ते ऐकतात आणि कंट्रोल सरफेस, इंजिन हलवतात. पुढचा दीड तास मी याच चष्म्यातून सगळं बघितलं आणि एकदाही चष्मा काढावा लागला नाही.

आता भरणं. पहिलं पान आयडेंट, त्यावर विमानाचं मॉडेल, इंजिनचं रेटिंग आणि नेव्हिगेशन डेटाबेसच्या तारखा. इथेच पहिली तक्रार : डेटाबेसची तारीख केव्हाच उलटून गेलेली. जगभरात हा डेटा दर २८ दिवसांनी बदलतो, एकाच ठरलेल्या तारखेला सगळीकडे, कारण रनवेचे नंबर, वाटेवरचे ठरलेले पॉइंट, अप्रोच (उतरायच्या ठरलेल्या वाटा) सारखे बदलत असतात. याची सुरुवात एल्रे जेपेसन नावाच्या पायलटच्या वहीतून झाली, १९३० च्या दशकात तो टपाल घेऊन उडायचा आणि वाटेतले डोंगर, मैदानं, त्यांची उंची एका काळ्या वहीत टिपून ठेवायचा, १९३४ पासून ती वही दहा डॉलरला विकायला लागला. आज त्याच नावाची कंपनी त्याच कामाचा डिजिटल डेटा विकते. आणि गंमत म्हणजे ७४७-४०० सारख्या विमानांत हा डेटा कितीतरी वर्षं साडेतीन इंची फ्लॉपीने भरत होते, २०२० मध्ये एका निवृत्त विमानात लोकांनी तो ड्राइव्ह बघितला तेव्हा इंटरनेटवर हसाहशी झाली, आम्ही प्लँटवाले नाही हसलो, आमच्याकडे याहून जुनं चालू आहे.

असो. सिम्युलेटरमध्ये जुना डेटा असला तर कोणी मरत नाही, पण दीड तासाचं पॅकेज "प्रोफेशनल" म्हणून विकताय तर अपडेट घ्या.

दुसरं पान पोझिशन. इथे इन्स्ट्रक्टरने शॉर्टकट मारायला घेतला होता, "काका, अलाइनमेंट आपण फास्ट करून टाकू", म्हणजे आपण कुठे आणि कुठल्या दिशेला तोंड करून उभे आहोत हे विमानाने ठरवणं. मी नको म्हटलं, निदान काय होतं ते तरी सांग. त्याने व्यवस्थित सांगितलं. विमानात लेझरचे जायरो असतात, एका बंद वाटेत दोन किरण उलटसुलट दिशेने फिरवायचे, पेटी जराशी फिरली की दोघांत फरक पडतो, त्यावरून फिरण्याचा वेग. विमान गेटवर गपचूप उभं असताना हे जायरो पृथ्वीचंच फिरणं मोजतात. त्यावरून उत्तर दिशा कुठे आहे ते कळतं आणि आपण कुठल्या अक्षांशावर आहोत तेही कळतं. रेखांश मात्र कळत नाही, कारण त्याच अक्षांशावर जगात कुठेही उभं राहिलात तरी पृथ्वीचं फिरणं तेच, म्हणून तो माणसाने किंवा जीपीएसने सांगावा लागतो. बडोदं आणि कोलकाता जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, म्हणजे जायरोला विचारलं तर दोन्ही सारखीच! म्हणून तुम्ही टाकलेली जागा ही यंत्रणा स्वतः शेवटी कुठे बंद झाली होती त्याच्याशी ताडून बघते. अक्षांशानुसार याला साधारण पाच ते सतरा मिनिटं लागतात, ध्रुवाकडे जाल तसा जास्त वेळ, आणि तेवढा वेळ विमान हलवायचं नाही.

मग उडताना हा जायरोंचा अंदाज तासाला एखाद-दोन नॉटिकल मैल सरकत जातो, म्हणून एफएमसी त्याला जीपीएस आणि जमिनीवरच्या डीएमई (रेडिओने अंतर सांगणाऱ्या) स्टेशनांच्या अंतरांशी सतत जुळवत राहतो. एक सेन्सर गुळगुळीत पण सरकणारा, दुसरा जागेवरचा पण मधेच गायब होणारा, दोघांना वजन देऊन एक उत्तर काढायचं, आमच्या लोकांना सांगायला नको की हा कालमन फिल्टर आहे, १९६० चा पेपर, अपोलोच्या चंद्रमोहिमेतही वापरला. वर डबा स्वतःच सांगतो की माझी चूक साधारण किती मैलांच्या आत आहे, आणि या वाटेवर किती चालते. प्रोग्रेस पानावर हे दोन आकडे दाखवले त्याने. आमच्या ट्रान्समीटरनी आपली चूक अशी आपण होऊन सांगितली असती तर माझे अर्धे केस राहिले असते.

रूट भाच्याने भरला. व्हीएबीओ ते व्हीएबीबी, म्हणजे बडोदं ते मुंबई, रनवे २२. मधे पॉइंट टाकताना एका जागी डब्याने दोन पॉइंटच्या मधे चौकोनी खोके दाखवले, रूट डिसकंटिन्युइटी. भाचा म्हणाला हे एरर आहे काय? तर नाही, डबा म्हणतोय इथून तिथे कसं जायचं ते तुम्ही सांगितलं नाही आणि मी मनाने जोडणार नाही. मला ही वृत्ती आवडली.

याच ठिकाणी इन्स्ट्रक्टरने कालीची गोष्ट सांगितली आणि खोलीतला एसी अजून गार झाल्यासारखा वाटला. २० डिसेंबर १९९५, अमेरिकन एअरलाइन्सचं ७५७, कोलंबियात काली शहराकडे रात्री उतरत होतं. ऐनवेळी रनवे बदलला, घाई झाली, रोझो नावाच्या बीकनकडे (जमिनीवरच्या रेडिओ खुणेकडे) जायचं होतं, चार्टवर त्याचं अक्षर "आर". पायलटने आर टाइप केलं, डब्याने यादी दिली, पहिलं नाव निवडलं. ते पहिलं नाव रोझोचं नव्हतं, बोगोटाजवळच्या रोमिओ नावाच्या बीकनचं होतं, रोझो डेटाबेसमध्ये अख्ख्या नावाने ठेवला होता. विमान आज्ञाधारकपणे डावीकडे वळलं, डोंगरांकडे. १६३ पैकी चौघं वाचले. पोराने आपल्या डब्यात एक अक्षर टाइप करून ती यादी दाखवली, एकाच नावाचे जगभरातले पॉइंट, शेजारी अक्षांश-रेखांश, आणि म्हणाला इथे प्रत्येक वेळी आकडे वाचायचे, आणि समोरच्या नकाशावर तुटक पांढरी रेघ कुठे जाते ते बघायचं, मगच एक्झिक्यूट.

आणि इथे दुसरी तक्रार, ही मोठी. बदल केला की एक्झिक्यूटच्या बटणावर दिवा लागतो, म्हणजे काहीतरी अर्धवट आहे, मंजुरी बाकी आहे. दाबलं की पांढरी तुटक रेघ गुलाबी होते आणि विमान ती मानायला लागतं. डाव्या सीडीयूवरचा तो दिवाच गेलेला. उजवीकडचा लागतो. जिथे बदल आणि हुकूम यांच्यातला फरक शिकवायचाय तिथला दिवा जावा म्हणजे कमाल आहे, पाच-पंचवीस रुपयांचा एलईडी असेल. शिवाय त्याच सीडीयूचं ५ चं बटण कधीकधी दोनदा उमटतं, ५५ टन लिहायला गेलं की ५५५ होतं. डबा "इनव्हॅलिड एंट्री" म्हणून हाकलतो ते ठीक, पण दर वेळी इतकी ढोबळ चूक नसते.

ते ५५ टन म्हणजे वजन. परफॉर्मन्सच्या पानावर झीरो फ्युएल वेट टाकायचं, विमान अधिक माणसं अधिक सामान, इंधन सोडून. जिथे खोके दिसतात ते भरायलाच हवेत, जिथे डॅश आहेत ते ऐच्छिक. चुकीचं पण शक्य वाटेल असं वजन टाकलं तर डबा ते मुकाट्याने घेतो. मार्च २००९ मध्ये मेलबर्नला एमिरेट्सच्या ए३४० चं टेकऑफचं गणित लॅपटॉपवर करताना ३६२.९ टनांऐवजी २६२.९ पडलं. एक आकडा. शेपूट रनवेवर घासलं, विमान रनवे संपल्यावर कसंबसं उठलं, माणसं वाचली हे नशीब.

त्याच पानावर कॉस्ट इंडेक्स नावाची एक चौकट आहे आणि सगळी इतिहासाची गोष्ट खरं तर त्या चौकटीत आहे. वेळेचा खर्च भागिले इंधनाचा खर्च. शून्य टाकलं तर विमान कमीत कमी इंधनात जाईल, आकडा वाढवला तर पळेल. ७३७ ला तो ५०० पर्यंत जातो. भाच्याने पाचशे टाकून बघितलं, स्पीड वर गेला, पोचल्यावर उरणाऱ्या इंधनाचा अंदाज खाली आला, मग शून्य टाकला. चालू कॉकपिटमध्ये असा खेळ करायला कोण देणार, सिम्युलेटर त्यासाठीच घ्यायचा.

झालं असं की १९७३ ला तेल भडकलं आणि एअरलाइनना कळलं की किती उंचीवर, किती स्पीडने जायचं हे पायलटच्या अंदाजावर सोडणं महाग पडतं. आधी नुसते सल्ला देणारे कॉम्प्युटर आले, स्पीड सांगायचे, लावायचा पायलटने. दुसऱ्या बाजूला दिशेचं काम वेगळ्या डब्याकडे होतं, पहिल्या जम्बोंमध्ये (७४७) डेल्को कंपनीचा कॅरोसेल, त्यात एका वेळी नऊच पॉइंट बसायचे, पुढे गेलं की मागचे काढून नवे भरा, तेही नावाने नाही, अक्षांश-रेखांशाचे आकडे बोटांनी. तिसऱ्या खुर्चीत फ्लाइट इंजिनिअर बसलेला असायचा. मग १९८२ ला ७६७ आलं, त्यात स्पेरी कंपनीच्या एफएमएसने (एफएमसी, सीडीयू मिळून अख्खी सिस्टिम) ही दोन्ही कामं, कुठे जायचं आणि कसं स्वस्तात जायचं, एकत्र केली, काचेचे स्क्रीन आले आणि तिसरी खुर्ची गेली. तिसरा माणूस काढावा का यावर अमेरिकेत इतकं भांडण झालं की १९८१ ला राष्ट्राध्यक्षांनी समिती नेमली, तिने दोघं पुरे म्हटलं. १९८६ ला स्पेरीचा विमानाचा धंदा हनीवेलने घेतला. आपल्याकडे एअर इंडियाकडे ए३१० आलं ते १९८६ ला, इंडियन एअरलाइन्सची ए३२० १९८९ ला. ऑपरेटर कमी होताना मी प्लँटमध्ये बघितलेत, डीसीएस (अख्खा प्लँट कॉम्प्युटरवरून चालवणारी सिस्टिम) आला तेव्हा, त्यामुळे त्या फ्लाइट इंजिनिअरबद्दल मला जरा जास्तच वाटलं, ते राहू दे.

हवेत गेल्यावर एलनॅव्ह आणि व्हीनॅव्ह लावलं, म्हणजे आडवी वाट आणि उभी वाट दोन्ही डब्याच्या ताब्यात. मग इन्स्ट्रक्टरने न सांगता एक बटण दाबलं आणि म्हणाला बघत राहा. पुढे गुलाबी रेघ वळली, विमान सरळच चाललं. भाचा ओरडला, "अहो वळत नाहीये!" त्याने हेडिंग सिलेक्ट करून ठेवलं होतं, म्हणजे ऑटोपायलट आता डब्याचं ऐकत नव्हता, खिडकीत लावलेल्या दिशेचं ऐकत होता. स्लेव्ह कॅस्केडमधून काढून लोकलवर टाकलाय, मास्टर वरून ओरडतोय, खाली कोणी ऐकत नाही. १ सप्टेंबर १९८३ ला कोरियन एअरलाइन्सचं जम्बो असंच रशियाच्या हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं, २६९ माणसं. चौकशीचा निष्कर्ष साधारण हाच, वाट उपकरणात भरलेली होती, ऑटोपायलट तिला जोडलेलाच नव्हता, ठरलेल्या दिशेवर तसाच जात राहिला. त्यानंतरच रेगननी जीपीएस नागरी विमानांना मोफत देऊ असं जाहीर केलं. या एका डेमोसाठी मी त्या पोराला पाच तारे देतो. समोर वरच्या पट्टीवर हिरव्या अक्षरांत कोणता मोड चालू आहे ते लिहिलेलं असतं, ते वाचायची सवय लागली भाच्याला, नंतर सारखा तेच वाचत होता.

उतरण्याचं गणित मला सगळ्यात आवडलं. डबा ते उलटं करतो, रनवेपासून वर मोजत येतो, कुठल्या पॉइंटला किती उंची-स्पीड हवा, इंजिनं आयडलवर ठेवून घसरत यायला किती अंतर लागेल, आणि त्यावरून नकाशावर एक बिंदू मांडतो, इथून खाली सुरू. ढोबळ हिशेब हजार फुटाला तीन मैल, आम्ही २६ हजारांवर होतो म्हणजे मुंबई ८० नॉटिकल मैलांच्या आसपास असताना. पण हा हिशेब तुम्ही सांगितलेल्या वाऱ्यावर. त्याने मागून वारा वाढवला, विमान वाटेच्या वर राहायला लागलं, स्पीड चढला आणि तळाच्या ओळीत आलं, "ड्रॅग रिक्वायर्ड". म्हणजे मास्टर कबूल करतो की मला आता जमत नाही, तुम्ही स्पीडब्रेक (पंखांवर उभ्या राहून हवा अडवणाऱ्या पट्ट्या) ओढा. भाच्याने लिव्हर ओढला. लँडिंग कसं झालं ते विचारू नका, खुर्च्या हलत नाहीत म्हणून इज्जत राहिली.

बाकीचं पटपट. दीड तासाचे साडेपाच हजार घेतले, दोघांचे मिळून, बरोबर आलेल्याला मागे बसायला वेगळे पैसे नाहीत. हेडसेट एकच चालतो. प्रोजेक्टरचा डावा तुकडा बाकीच्यांपेक्षा पिवळट दिसतो. शनिवार-रविवारी वाढदिवसवाल्यांची रांग असते आणि अर्ध्या तासाचे लोक दार वाजवतात, तेव्हा मधल्या वारी दुपारी जा. बुकिंग करताना सांगा की रूट सेव्ह केलेला नको, कोरा डबा पाहिजे, नाहीतर वेळ वाचवायला आधीच भरून ठेवतात. ज्यांची पोरं पायलटचं म्हणतायत त्यांनी अकॅडमीची फी भरण्याआधी एकदा इथे बसवा, ज्याला टाइपिंगचा कंटाळा आला त्याला तिकडेही येईल. पाच-सात वर्षांच्या मुलांना दुसरं पॅकेज अजिबात नको, त्यांना टोपीवालंच द्या.

पाचपैकी चार तारे. मालकांना निघताना सांगून आलोय की दिवा मी आणून देतो, सोल्डरिंगही करून देतो, डेटाबेसचं तेवढं तुम्ही बघा. हो म्हणालेत. बहीण विचारते पोराला कसं वाटलं, तो सध्या घरी सगळ्यांना रेखांश का कळत नाही ते समजावतोय.